किलोमीटर नका सांगू, घाट सांगा

थंडीची चाहूल लागली की पत्रांचा रंग बदलतो. पावसाळ्यात गंजलेल्या चेनबद्दल विचारणारे वाचक नोव्हेंबरात घाटांबद्दल विचारायला लागतात. या वेळची जवळजवळ सगळी पत्रं डोंगरातल्या चार-सहा दिवसांच्या सहलींची आहेत, म्हणून तीच घेतली.

नव्या वाचकांसाठी दोन ओळी. मी सायकलपटू वगैरे नाही. एसटीत २९ वर्षं ड्रायव्हर होतो. सातारा जिल्ह्यातले आणि त्याला लागून असलेले घाट स्टिअरिंगमागं बसून पाठ झाले असं समजत होतो. निवृत्तीनंतर सायकल घेतली आणि कळलं, की बसच्या सीटवरून मला नुसती वळणं ठाऊक होती. चढ मांडीला पहिल्यांदा तेव्हा कळला.

काका, आम्ही चौघे मित्र, वय तिशीतलं. दर रविवारी ८०-९० किलोमीटर सायकल चालवतो. डिसेंबरात सातारा–वाई–महाबळेश्वर–पोलादपूर–चिपळूण–कुंभार्ली घाट–कोयनानगर–सातारा असा फेरा करायचा आहे. मोबाईल साधारण ३१५ किलोमीटर दाखवतो. रोज १०५ धरून तीन दिवस ठरवले आहेत. हॉटेलं बुक करू का? सामान किती घ्यावं? — एक वाचक, पिंपरी

हॉटेलं बुक करू नका. अजून नको.

३१५ ला ३ नं भागलं की १०५ येतात, तुमचं गणित चोख आहे. घाटाला भागाकार कळत नाही, एवढीच अडचण.

एक कागद घ्या आणि गावांच्या नावांपुढं किलोमीटरऐवजी उंची लिहा. वाई समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या आसपास. पाचगणी १३०० च्या जवळ. महाबळेश्वर १३७२. तिथून पोलादपूरला उतरलात की जवळपास समुद्राच्या पातळीला आलात, चिपळूणही तसंच. मग कोयनानगरला परत ६०० च्या वर. म्हणजे अख्खा सह्याद्री एकदा उतरायचा आणि सामानासकट परत चढायचा. तुमच्या कागदावर हे कुठंच दिसत नाही.

आता माझा हिशेब सांगतो. मागं आठ-दहा किलो बांधलेला, रविवारी सायकल चालवणारा माणूस तासाला साधारण ३०० मीटर उंची चढतो. पहिल्या दिवशी थोडी जास्त, चौथ्या दिवशी नक्की कमी. वाईहून पसरणीचा घाट १२ किलोमीटरचा, चढ सहाशे मीटरच्या घरात. सपाटीवर हे १२ किलोमीटर तुम्ही अर्ध्या-पाऊण तासात मारता. पसरणीत दोन तास धरा. मला पहिल्या खेपेला अडीच लागले, आणि त्यातला बराच वेळ मी कठड्यावर बसून खालची वळणं मोजत होतो. ज्या रस्त्यावरून इतकी वर्षं माणसं वर नेली, त्याला इतकी वळणं आहेत हे तोवर लक्षातच आलं नव्हतं.

म्हणून पाच दिवस चालवा आणि सहावा मोकळा ठेवा.

पहिला दिवस सातारा ते पाचगणी. पाचवडपर्यंत हायवे आहे, उजाडताच निघून तो संपवून टाका. वाईत कृष्णेच्या घाटावर गणपतीसमोर बसा, पोहे-केळी काहीही खा, पण मिसळ नको. पसरणीच्या अर्ध्यात ती मिसळ तुम्हाला तिसऱ्यांदा भेटेल. पाचगणीला दुपारीच पोचाल. अंगात जोर उरला तर थोडं पुढं भिलारला मुक्काम करा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं मांडून ठेवलीत. पाय सुजलेल्या माणसाला संध्याकाळी दुसरं काय हवं?

दुसऱ्या दिवशी महाबळेश्वर गाठून आंबेनळी घाटानं पोलादपूर. महाबळेश्वरापासून पुढचे चाळीसेक किलोमीटर बहुतेक उतारच, म्हणून सगळे या दिवसाला सोपा म्हणतात. मला याच दिवसाची काळजी वाटते.

एसटीत आम्हाला पहिल्यापासून घोकून घेतलेलं असतं: ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. न्यूट्रलला गाडी सोडणारा ड्रायव्हर घाटात फार दिवस टिकत नाही. ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही. आमच्या मदतीला निदान इंजिन असतं. सायकलीला ते नाही. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून शंभर किलो. ते तेराशे मीटर खाली येणार आणि त्याची सगळी धग रबराच्या दोन तुकड्यांवर नाहीतर दोन पॅडवर. ब्रेक दाबून धरत उतरलात तर रिम तापून ट्यूब फुटते. डिस्क असेल तर पॅड जळल्याचा वास येतो आणि लिव्हर पार हँडलला टेकतो. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक मिळून वेग मोडा. मग सोडा आणि वळण घ्या. वळणात ब्रेक नाही, विशेषतः खडी असेल तिथं. चार-पाच किलोमीटरला थांबायचंच, थकला नसाल तरी. थांबल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. आणि बोटं मोकळी करा, कारण चढाला पाय दुखतात तशी उताराला बोटं जातात, आणि ती गेल्याचं कळतं ते ब्रेक लावायच्या वेळेला.

वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा लागतो. चौघांपैकी एकजण हमखास म्हणेल, आलोच आहोत तर गड करून जाऊ. जरूर करा, पण मग मुक्काम वाड्यातच. गड बघून, दमलेल्या हातांनी, तिन्हीसांजेला उरलेला घाट उतरणं मला मान्य नाही.

आणि ही गोष्ट कुठलाच सायकलवाला तुम्हाला सांगणार नाही, कारण ती बसच्या बाजूनंच दिसते. आखूड वळणावर बसचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेत जात नाही, ते आतून कापत जातं. वळणात बसच्या आतल्या अंगाला सायकल घातलीत तर जागा आहे असं वाटेल, आणि बघता बघता ती जागा संपेल. ड्रायव्हरला तुम्ही आरशात दिसत नसता. मला किती सायकली दिसल्या नसतील, देव जाणे. मागून मोठी गाडी आली की वळणाआधीच कडेला उभे राहा, तिला जाऊ द्या. अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असा नियम आहे, पण चढणारे तुम्ही असलात तरी त्या नियमावर छाती काढून उभे राहू नका.

जुलै २०२१ च्या पावसात आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी तुटून वाहतूक बंद पडली होती. म्हणून निघायच्या आधी पोलादपूर-महाबळेश्वर करणाऱ्या एखाद्या टेम्पोवाल्याला फोन लावून विचारा. मोबाईलच्या नकाशाला दरड दिसत नाही, टेम्पोवाल्याला दिसते.

तिसरा दिवस पोलादपूर–खेड–चिपळूण, ७५ च्या आसपास. हायवे आहे, ट्रक आहेत, दुपारी डिसेंबरातही घामटा निघतो. कशेडीला आता बोगदा झालाय, पण सायकलनं जुन्याच घाटानं जावं. लोट्यानंतर परशुराम घाट उतरताना सावकाश. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

मोकळा दिवस चिपळुणात घ्या, कुंभार्लीच्या आदल्या दिवशी. झोपा, कपडे वाळवा, चेन पुसा, ब्रेकचे रबर बघा. आधीच्या तीन दिवसांत काही बिघडलं, कुणाचं पोट बिघडलं, पाऊस आला, तर हा दिवस तिथं खर्च होईल. ज्या बेतात असा दिवस नसतो त्यात लोक रात्री सायकल चालवतात.

चौथा दिवस चिपळूण ते कोयनानगर. किलोमीटर फक्त ४५. तुमच्या वहीत हा अर्धा दिवस असेल, माझ्या वहीत पूर्ण. पोफळीपर्यंत रस्ता हळूहळू उचलतो, कोयनेचं वीजघर तिकडंच आहे. पोफळी सोडली की खरा घाट. कराडकडून येणारी अवजड वाहतूक याच वाटेनं असते, म्हणून अंधार फिटताच चिपळूण सोडा आणि ऊन चढायच्या आत घाटमाथ्यावर या. ट्रकमागं लटकत चढू नका. त्याचा धूर फुप्फुसात घेत चढण्यापेक्षा पाच मिनिटं थांबलेलं बरं. दुपारी कोयनानगरला अंग टाका. जेवून फेरफटका मारलात तर धरण लांबून दिसतं, १०३ मीटर उंच. आपण आज सामानासकट अशी सहाएक धरणं चढलो, हा हिशेब मनात आला की भाकरी गोड लागते.

पाचवा दिवस कोयनाकाठानं पाटण, मल्हारपेठ, मग चरेगाववरून उंब्रज आणि हायवेनं सातारा. नव्वदच्या आतबाहेर, पण उतरता आणि सपाट. इथं धोका एकच. डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं माखलेला. रस्त्यावर पडलेली उसाची कांडकी चाकाखाली आली की सायकल घसरते ती घसरतेच. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा तुम्ही घरी चहा पीत असलं पाहिजे.

सामान आठ किलोच्या वर नको, आणि पाठीवर तर काहीच नको. मागच्या कॅरिअरला दोन्ही अंगांना पिशव्या, जड वस्तू तळाला. दोन ट्यूब, पंक्चरचं किट, पंप, टायर लिव्हर, ॲलन की, ब्रेकचे जादा रबर किंवा पॅड, एक ब्रेक केबल, आणि चेन तोडायचं-जोडायचं हत्यार जादा लिंकसकट. हे शेवटचं मी एकदा वजन नको म्हणून घरी ठेवलं. कुंभार्लीच्या माथ्यावर चेन तुटली. हेळवाकपर्यंत उताराला बसलो, चढाला ढकलली, आणि वाटेत एका ट्रकचा क्लीनर ओरडला, "काका, पायडल मारायचं विसरलात काय!"

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. नुसतं पाणी पिऊन भागत नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरचं जलसंजीवनी एका बाटलीत ठेवा. खिशात गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. दर पाऊण तासाला काहीतरी तोंडात.

आता बुकिंग करा.

मी २२ वर्षांचा आहे. वडिलांची जुनी काळी सायकल आहे, दांडीचे ब्रेक, गिअर नाही. ती घेऊन कोल्हापूर–गगनबावडा–करूळ घाटानं कोकणात उतरायचं आहे. लोक हसतात. जमेल का? — इचलकरंजी

हसणाऱ्यांना हसू दे, बाळ. त्यातल्या कितीजणांनी गगनबावडा सायकलनं बघितलाय? असल्या सायकलींवर दुधाचे कॅन आणि उसाच्या मोळ्या बांधून माणसांनी घाट ओलांडलेत. गगनबावड्यापर्यंत तू जाशील. जिथं जमत नाही तिथं उतरून चालायचं, त्यात लाज कसली? मीही चालतो.

उताराला मात्र माझा नकार आहे. दांडीचे ब्रेक रिमच्या आतल्या बाजूनं लागतात, थोडे झिजले किंवा ओले झाले की त्यांचा भरवसा नाही. कोरड्या सपाट रस्त्यावर ठीक, करूळ घाटात नाही. तुझ्यापुढं दोन वाटा आहेत. एक, घाट खालपर्यंत चालत उतर, सायकल धरून. अर्धा दिवस जाईल आणि तो घाट तुला आयुष्यभर लक्षात राहील. दुसरी, गिअरची सायकल मित्राकडून माग.

मागणार असशील तर एकच गोष्ट बघ. पुढच्या सगळ्यात लहान चक्तीचे दाते मोज आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्तीचे मोज. मागचे पुढच्यापेक्षा जास्त असले पाहिजेत. पुढं २८ आणि मागं ३४ असतील तर मिनिटाला ६० पायडल मारून तू ताशी सहा किलोमीटरनं चढशील, गुडघ्याला त्रास न होता. "एकवीस गिअर आहेत" या बोलण्याला काही अर्थ नाही. घाटात त्यातला एकच लागतो.

वडिलांची सायकल विकू नकोस.

वय ५४. आम्ही तिघे मित्र पुढच्या जुलैत मनाली–लेह सायकलनं करणार. ऑफिसातून नऊ दिवस रजा मिळेल, त्यात विमानाचे दोन दिवस. तिघेही रोज ३० किलोमीटर चालवतो. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून गोळी मिळते असं ऐकलं. एवढ्या दिवसांत बसेल ना? — डोंबिवली

नाही बसणार, दादा. तुम्ही रागावलात तरी चालेल.

रोहतांग मार्गे हे अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. अटल बोगद्यानं रोहतांगचा चढ टळतो आणि रस्ता कमी होतो. सात दिवसांत पाय हे करूनही टाकतील. पण इथं पाय परीक्षेला बसलेलेच नाहीत, रक्त आणि फुप्फुसं बसलीत, आणि त्यांना तुमच्या रजेशी घेणंदेणं नाही.

उंच्या वाचा. मनाली २०५०. केलाँग ३१०० च्या जवळ. जिस्पा ३२००. बारालाचा खिंड ४८९०. सरचू ४२९० च्या आसपास. नकी ला (तिकडं ला म्हणजे खिंड) ४७३९, लाचुलुंग ला ५०६५, पांग ४६००. मग मोरे मैदान, आणि शेवटी तंगलंग ला, ५३२८. आपलं महाबळेश्वर १३७२ हे ध्यानात ठेवा. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून जेमतेम थोडा वर असतो. तिथं बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी धाप लागते.

३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथंच थांबावं, असं डॉक्टर सांगतात. मोजायचं ते झोपायच्या जागेचं. दिवसा उंच जाऊन रात्री खाली आलात तर चालतं. मनालीत दोन रात्री, केलाँगला दोन, मग जिस्पा, मग पत्सेओ आणि झिंगझिंगबार असं थांबत गेलात तर बारालाचा तुम्हाला ओलांडू देईल. जिस्पाहून एका दमात सरचू गाठाल तर झोपायची उंची एका दिवसात हजार मीटरनं वाढली. नवखे लोक नेमकं तेच करतात, कारण नकाशावर मधे ठळक गाव दिसत नाही.

आम्हीही तेच केलं. मी तेव्हा ६१ चा, बरोबर दोन जुने स्नेही. एकाचं डोकं दुपारपासून दुखत होतं, पण आमचा बेत बिघडू नये म्हणून तो बोलला नाही. संध्याकाळी सरचूला पोचलो, त्यानं जेवण नको म्हटलं, आम्हाला वाटलं दमलाय. रात्री उलट्या. पहाटे तंबूबाहेर तो बुटाची नाडी बांधत बसला होता. बराच वेळ झाला तरी गाठ बसेना. नाडीची दोन टोकं हातात धरून तो नुसता बघत राहिला. मी पायातल्या चपलांवरच जीप शोधायला पळालो.

सरचूचा सापळा तेव्हा कळला. उंचीच्या त्रासाला खरं औषध एकच, खाली उतरणं. आणि सरचूहून खाली जायला खालचा रस्ताच नाही. मागं बारालाचा, पुढं गाटा लूपची २१ वळणं आणि त्यावर नकी ला. कुठंही जायचं तर आधी वर चढायचं. त्या जीपनं आम्ही बारालाचा परत ओलांडला, ते दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. दारचाला उतरलो तसा तो सरळ बोलायला लागला. केलाँगच्या डॉक्टरांनी तपासलं आणि पुढं जायचं नाव काढू नका म्हणाले. तिघंही घरी परतलो. लेह मी पुढच्या वर्षी बघितलं, चौदा दिवस घेऊन.

गोळीबद्दल. ॲसिटाझोलामाइड नावाचं औषध शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करतं. पण ते तुमच्या डॉक्टरांनी, तुमचं ब्लडप्रेशर, मूत्रपिंड आणि ॲलर्जी बघून द्यायचं. ते घेऊन एका रात्रीत हजार मीटर चढायची परवानगी मिळत नाही. चक्कर येते म्हणून मित्राकडची गोळी घेणं तर मुळीच नको. वय ५४ आहे, तेव्हा निघायच्या आधी हृदयाची तपासणी करूनच घ्या.

तिघांत एक ठरवा: डोकं दुखलं की सांगायचंच, आणि सांगणाऱ्यावर कुणी वैतागायचं नाही. रोज संध्याकाळी एकमेकांना सरळ रेषेत, टाचेला अंगठा लावत दहा पावलं चालायला लावा. जो तोल सांभाळू शकत नाही तो त्याच क्षणी खाली जाणार, आणि एकटा नाही जाणार.

सात दिवसच असतील तर मला विचाराल तर आपल्याकडचे घाट करा, नाहीतर रजा साठवा. श्रीनगरकडून लेहला जाणारा रस्ताही बघून ठेवा. झोजी ला ३५२८, नमिका ला ३७०० च्या आसपास, फोटू ला ४१०८. मधे कारगिल २७०० च्या जवळ, म्हणजे चढल्यावर खाली येऊन झोपायची सोय. अंतर सव्वाचारशेच्या आसपास. पहिल्यांदा जाणाऱ्यानं तिकडून जावं, असं माझं मत झालंय. रजा मात्र तिथंही दहा-बारा दिवसांची लागेल.

बॅटरीवरची सायकल घेऊन घाट केला तर ती फसवणूक ठरेल का? — पुणे

कुणाची? घाट तक्रार करणार नाही. फक्त कंपनी ६० किलोमीटर सांगते ते सपाटीचे. सामान बांधून घाटात निम्मे धरा. चार्जिंगला चार-पाच तास लागतात, तेव्हा मुक्कामाच्या ठिकाणी खोलीत प्लग आहे का हे आधी फोनवर विचारा. बॅटरी संपली की वीस-पंचवीस किलोचं धूड तुम्हालाच ढकलायचं आहे. तेवढी तयारी ठेवा आणि खुशाल जा. माझे गुडघे अजून पाच वर्षांनी काय म्हणतात त्यावर मीही घेईन.

हे गेल्या वर्षी निवृत्त झाले. आता चार दिवस एकटेच सायकलनं घाट फिरून येतो म्हणतात. वय ५९, साखर आहे. मी नको म्हटलं की घरात बोलणं बंद. यांना थांबवू कसं? — बारामती

ताई, हे पत्र तुमच्याऐवजी आमच्या सौ.नं लिहिलं असतं तरी मला अक्षर ओळखून घ्यावं लागलं असतं, मजकूर तोच.

थांबवू नका. अटी घाला. पहिली, डॉक्टरांना दोघांनी मिळून भेटायचं. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर दिवसभर घाट चढताना साखर एकदम खाली येऊ शकते. डोस आणि खाणं कसं बदलायचं हे डॉक्टरच ठरवतील. घाम फुटणं, हात थरथरणं, डोळ्यांपुढं अंधारी, यातलं काही झालं की तिथंच थांबून ग्लुकोज किंवा साखर खायची. ती सामानाच्या पिशवीत नाही, शर्टाच्या खिशात.

दुसरी अट, एकट्यानं नाही. बारामतीत सकाळी सायकल चालवणारे पुष्कळ आहेत, त्यांतले एक-दोघं बरोबर घ्या म्हणावं.

तिसरी, आधी घरी परीक्षा. कॅरिअरला आठ किलो वाळू बांधून दोन दिवस लागोपाठ जेजुरीच्या बाजूला जाऊन यायचं. पहिला दिवस सगळ्यांना जमतो. दुसऱ्या दिवशी सकाळी परत सीटवर बसतात का ते तुम्ही बघा. बसले तर घाटही करतील. नाही बसले तर तुम्हाला भांडायची गरजच उरणार नाही.

चौथी अट आमच्या घरातली आहे, उसनी घ्या. फोन दिवसभर करायचा नाही, चालवताना उचलता येत नाही आणि न उचलल्यानं घरच्यांचा जीव जातो. प्रत्येक घाट चढून झाला की एक फोन, उतरून झाला की एक. रेंज कुठं नसते ते आधी सांगून ठेवायचं. कोयनेच्या बाजूला एकदा माथ्यावरून फोन केला आणि खाली हेळवाकला चहाच्या नादात विसरलो. तासाभरानं त्या टपरीवाल्याच्या मोबाईलवर फोन आला. आमच्या सौ.नं माझ्या जुन्या डेपोत विचारून त्याचा नंबर काढला होता. टपरीवाल्यानं तो फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः लांब जाऊन उभा राहिला.